बाटलेला सरदार परत गोतात कसा यायचा?

शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, नेताजी पालकर यांची गोष्ट आपल्याकडे दोन वाक्यांत उरकतात. मोगलांकडे गेले, तिथे बाटवले गेले, काबूलपर्यंत जाऊन आले आणि शेवटी महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं. संपली गोष्ट. पण ‘करून घेतलं’ म्हणजे नेमकं काय केलं? राजाच्या शब्दावर भागलं, की ब्राह्मणांचा होकार लागला, की भाऊबंदांना विचारावं लागलं? आणि दुसऱ्या दिवशी नेताजींच्या शेजारच्या पाटावर जेवायला कोण बसलं?

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. सतराव्या-अठराव्या शतकात माणूस आपला की परका याचा निकाल बऱ्याच अंशी पंगतीत लागायचा. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात याची उदाहरणं भरपूर आहेत. फलटणचे निंबाळकर आहेत, खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे गुजर आहेत, आणि खुद्द साताऱ्याच्या गादीवर बसलेले शाहू महाराजही आहेत.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. धनी बदलणं वेगळं आणि बाटणं वेगळं. आज आपण ‘फितूर’ हा एकच शिक्का दोन्हींवर मारतो, त्यामुळे सगळा घोळ होतो. म्हसवडचे माने, जतचे डफळे, खटावकडचे घाटगे, फलटणचे निंबाळकर ही सगळी वतनदार घराणी. गावं वसवायची, सारा गोळा करून द्यायचा, हाताशी घोडी-माणसं बाळगायची आणि त्या बदल्यात देशमुखी पिढ्यानपिढ्या चालवायची, असा हा व्यवहार. वरचा सुलतान बदलला तरी वतन तेच. स्वराज्य उभं राहिलं तेव्हा यातली बरीचशी वतनं कितीतरी जुनी होती. त्यामुळे आज आदिलशाही, उद्या मोगल, परवा छत्रपती अशी चाकरी फिरली तर धनी रागवायचा, पण जात विचारायला यायची नाही. म्हसवडच्या नागोजी मान्यांचंच बघा. मोगलांकडून ते राजाराम महाराजांच्या बाजूला आले, १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांचा जीव घेतला आणि पुन्हा मोगलांकडे गेले. इतकं होऊनही त्यांना कुणी प्रायश्चित्त घे म्हटलं नाही. ताटातलं अन्न आणि पंगतीतली जागा बदललीच नव्हती.

बाटणं म्हणजे ती जागा जाणं. ती परत मिळवायची तर तीन ठिकाणी होकार लागायचा.

पहिला होकार राजाचा. धर्माच्या गोष्टीत राजाचं काय काम, असं वाटेल. पण त्या काळी जातीचे आणि धर्माचे तंटे शेवटी सरकारातच यायचे. राजाचं पत्र हातात असलं की गावातला विरोध दबायचा. नसलं, तर कुणीही उठून बोट दाखवायला मोकळा.

दुसरा होकार शास्त्राचा. इथे आपल्या समजुतीपेक्षा शास्त्र बरंच मवाळ निघतं. देवलस्मृती नावाचा एक छोटा ग्रंथ आहे, त्याचा मोठा भाग याच प्रश्नावर आहे. परक्यांनी पकडून नेलेला, बळजबरीने त्यांच्यात राहिलेला, त्यांचं खाल्लेला माणूस परत आला तर काय करायचं? किती दिवस राहिला, काय खाल्लं, स्वखुशीने की जबरदस्तीने, असे पोटप्रश्न करून एकेकाला प्रायश्चित्त सांगितलं आहे. पाच वर्षांपासून थेट वीस वर्षांपर्यंत राहिलेल्यालाही रस्ता ठेवला आहे, आणि तो आहे दोन प्राजापत्यांचा. प्राजापत्य म्हणजे बारा दिवसांचं व्रत. पहिले तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, पुढचे तीन दिवस फक्त संध्याकाळी, त्यापुढचे तीन दिवस न मागता समोर येईल तेवढंच, आणि शेवटचे तीन दिवस कडकडीत उपास. तेही झेपत नसेल तर त्याऐवजी गाय दान द्यावी किंवा तिची किंमत मोजावी, अशी सोय होती. वीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला चोवीस दिवस! शास्त्र आडवं आलं म्हणून माणसं बाहेर राहिली, असं सरसकट म्हणता येत नाही ते यासाठी.

अर्थात शास्त्र पोथीत असतं आणि ते लागू करणारी माणसं गावात असतात. कुठल्या माणसाला कुठलं प्रायश्चित्त हे क्षेत्राच्या ठिकाणचे ब्राह्मण बसून ठरवायचे. आपल्याकडे कृष्णाकाठी वाई आणि कऱ्हाड, आणि सगळ्यात वजनाचा शब्द पैठणचा. त्यांनी निर्णय दिला, संकल्प सोडला, पंचगव्य झालं, क्षौर झालं, की कागदावर माणूस शुद्ध.

खरी अडचण तिसऱ्या ठिकाणी यायची. ते म्हणजे गोत, म्हणजे जातभाई, सोयरेधायरे आणि गावचे वतनदार. त्या काळचे महजर, म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्यांचे कागद, पाहिले तर या मंडळींची ताकद कळते. वतनाचा तंटा असो की भाऊबंदकी, निकालाच्या कागदाखाली सगळ्या गावाच्या खुणा असायच्या. लिहिता न येणाऱ्या पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. अशा गोताने ‘हा आमचा’ म्हटल्याशिवाय राजाचं पत्र आणि ब्राह्मणांचं शुद्धिपत्र दोन्ही फडताळात पडून राहायचं.

गोत एवढं का घाबरायचं? कारण सगळा धाक लग्नांचा होता. समजा, परत आलेल्या माणसाला मी माझ्या पंगतीत बसवलं. पलीकडच्या गावाने ते मानलं नाही, तर आता माझ्याही घरचं पाणी ते घेणार नाहीत. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडेल. भावाच्या मुलाला मुलगी मिळणार नाही. एकट्याने मोठेपणा दाखवायचा आणि सगळ्या खानदानाने भोगायचं, असा मामला. म्हणून कुणी पहिला पुढे व्हायचा नाही. सगळे मिळून एकाच पंगतीला बसले, तरच ते निभायचं. राजाच्या पत्राचा खरा उपयोग इथे होता. ज्याला पुढे व्हायचंय पण धाडस होत नाही, त्याला ‘सरकारचा हुकूम आहे, मी काय करू’ असं म्हणायला ते एक निमित्त द्यायचं.

हे सगळं नुसत्या सरदारांपुरतं नव्हतं. पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी एक नोंद दिली आहे. पुताजी बंडगर नावाचा माणूस मोगलांच्या हाती सापडला, त्याला बळजबरीने बाटवलं, तो वर्षभर त्यांच्यात राहिला. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून फौज घेऊन परतत होते तेव्हा, म्हणजे १७१९ च्या सुमारास, हा त्यांना येऊन मिळाला आणि मला परत घ्या म्हणाला. जातीची संमती घेतली गेली आणि शाहू महाराजांनी मंजुरी दिली. सरदार नाही, कुणाचा व्याही नाही, तरी त्याचं प्रकरण साताऱ्याच्या दरबारापर्यंत गेलं. तिथेही नुसता राजाचा हुकूम पुरला नाही, जातीचा होकार घ्यावाच लागला.

आता नेताजी. त्यांची गोष्ट समजायला १६६५ च्या डिसेंबरात जावं लागतं. पुरंदरचा तह झालेला, आणि तहाप्रमाणे शिवाजी महाराज मिर्झाराजे जयसिंगाबरोबर विजापूरच्या मोहिमेवर. मराठी फौज नेताजींच्या हाताखाली. या मोहिमेत फलटण, ताथवडा, खटाव अशी ठाणी भराभर पडली. फलटण म्हणजे महाराजांची सासुरवाडी, सईबाईंचं माहेर! तेही मोगलांसाठी घ्यावं लागलं. नंतर १६६६ च्या जानेवारीत महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला केला. नेताजी वेळेवर पोचले नाहीत, हल्ला फसला, माणसं पडली. ‘समयास कैसा पावला नाहीस’ असा शब्द लागला आणि सरनोबती गेली. नेताजी आधी विजापुरकरांकडे गेले, तिथून जयसिंगाने त्यांना पाच हजारी मनसब देऊन मोगलांकडे वळवलं.

इथपर्यंत सगळं चाकरीतलं. गाठ पडली ती महाराज आग्र्याहून निसटल्यावर. औरंगजेबाने नेताजींना धारूरला कैद करून दिल्लीला नेलं. १६६७ च्या सुरुवातीला ते मुहम्मद कुलीखान झाले आणि त्यांना अफगाण सरहद्दीकडे धाडण्यात आलं. वाटेत लाहोरजवळ पळण्याचा प्रयत्न केला, फसला. पुढे तब्बल नऊ वर्षं. त्या काळात इकडे राज्याभिषेक झाला, माणसं गेली, नवी आली. १६७६ मध्ये दिलेरखानाबरोबर दख्खनमध्ये पाठवले गेले आणि नेताजींनी संधी साधली. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या तारीखवार नोंदींत, लिहिलं आहे, आषाढ वद्य चतुर्थी, शके १५९८. इंग्रजी तारीख १९ जून १६७६. त्या दिवशी नेताजींनी प्रायश्चित्त घेतलं.

एक मात्र लक्षात घ्यायला हवं. त्यांना परत घेतलं, पण सरनोबती परत दिली नाही. ती तेव्हा कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांकडे होती आणि त्यांच्याकडेच राहिली. घरात घेणं आणि लष्कर हातात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. नेताजींना त्याचं काय वाटलं असेल, ते ज्याने त्याने ताडावं. मला वाटतं, लाहोरहून पळायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात पद नसतं.

फलटणच्या बजाजी निंबाळकरांचं प्रकरण याच्या बरंच आधीचं, आणि गोताच्या बाबतीत जास्त शिकवणारं. बजाजी म्हणजे सईबाईंचे भाऊ. वडील मुधोजी लढाईत पडले, बजाजी विजापूरच्या कैदेत गेले आणि वतन राखायचं तर धर्म बदला अशी अट पडली, अशी हकीकत सांगितली जाते. ते परत आले तेव्हा जिजाऊसाहेबांनी पुढाकार घेतला आणि शिखर शिंगणापुरावर शंभू महादेवासमोर त्यांना परत घेतलं. जागा नीट निवडलेली होती. शिंगणापूर भोसल्यांचं कुलदैवत, डोंगरावरचं मोठं तळं मालोजीराजांनी बांधलेलं, आणि चैत्रात जिथे कावडी चढतात तो देव अठरापगड जातींचा. तिथे झालेली गोष्ट लपून राहणार नव्हती, आणि ती लपू नये हाच बेत असणार.

पण देवासमोर झालं तरी लोक कुजबुजायचे राहतात का? त्यावरचा तोडगा १६५७ मध्ये निघाला. बजाजींचे चिरंजीव महादजी यांना महाराजांनी आपली मुलगी सखुबाई दिली. मघाशी सांगितलं तो लग्नाचा धाक इथे उलटा फिरवला. ज्या घरी भोसल्यांनी मुलगी दिली, त्या घरचं पाणी आता कोण नाकारणार? शंभर शुद्धिपत्रांचं काम एका सोयरिकीने केलं. बजाजी यानंतर स्वराज्यात आले असंही नाही, फलटण आदिलशाहीतच राहिलं. म्हणजे गोतात घेताना आमची चाकरी कर अशी अट घातली नव्हती. आजच्या वादात दोन्ही बाजूंच्या सोयीचं नसल्याने हे सहसा कुणी सांगत नाही.

मग ज्याचा डाग धर्माचा नव्हताच, त्याचं काय?

नेताजींची सरनोबती ज्यांना मिळाली ते भोसऱ्याचे कुडतोजी गुजर, म्हणजे प्रतापराव. एप्रिल १६७३ मध्ये आदिलशाही सरदार बहलोलखान विजापुराहून निघाला तेव्हा प्रतापरावांनी त्याला उमराणीला गाठलं. उमराणी आपल्या जत तालुक्यात. एप्रिलातला जतकडचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतलाय त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. प्रतापरावांनी आधी पाण्याची जागा धरली. खानाची फौज, घोडी, हत्ती, सगळे तहानेने कासावीस. दिवसभर झुंज झाली आणि संध्याकाळी खान काकुळतीला आला, वाट मागू लागला. प्रतापरावांनी वाट दिली.

तहानलेल्या शत्रूला सोडणं हा दयेचा भाग झाला, पण सेनापतीचा नव्हे. महाराज रागावले. ‘सला (तह) काय निमित्य केला?’ हे बखरकार सभासदाने नोंदवलेले त्यांचे शब्द. खान सुटला तो पुन्हा चालून आलाच. मग निरोप गेला की त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका.

इथे प्रतापरावांची कोंडी बघा. बाटलेल्याला वाट आखून दिलेली होती, बारा दिवस, चोवीस दिवस, पंचगव्य, पंगत. धन्याच्या रोषाला असलं काही नव्हतं. कुठल्याही पोथीत त्यावर प्राजापत्य सांगितलेलं नाही आणि कऱ्हाडचे ब्राह्मणही काही करू शकत नव्हते. भरपाई एकाच ठिकाणी शक्य होती, रणात. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरीची खिंड. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत फक्त सहा स्वारांनिशी ते पडले, असं त्याच वर्षीच्या इंग्रजांकडच्या पत्रात आलं आहे. शौर्य म्हणून आपण ते गातो, आणि गावंच. पण मोठी फौज मागे ठेवून सरनोबताने असं धावून जाणं लष्करी हिशोबात बसत नाही. तो हिशोब वेगळाच होता.

त्यानंतर महाराजांनी काय केलं? पुन्हा सोयरीक. १६८० च्या मार्चमध्ये प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांना केली. ज्याला तोंड दाखवू नको म्हटलं, त्याची मुलगी सून म्हणून घरात आली. हा फलटणचाच मार्ग होता.

आणि याच गुजरांच्या घरात पुढच्या पिढीत जे घडलं, ते वरच्या सगळ्या नियमांना अपवाद आहे.

१६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू, आई येसूबाईंबरोबर औरंगजेबाच्या छावणीत गेले. पुढे बादशहाने शाहूंना धर्म बदलायला सांगितलं. शाहूंनी नकार दिला. रदबदली झाली आणि त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी बाटावं यावर बादशहा थांबला. पुढे झाले ते प्रतापरावांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन. ते अब्दुर्रहीम आणि अब्दुर्रहमान झाले.

१७०७ मध्ये शाहू सुटून आले, तेव्हा गंमत अशी की त्यांनाच आपण खरे असल्याचं सिद्ध करावं लागलं. ताराबाईंच्या बाजूने तोतया म्हणून बोभाटा झाला होता. अठरा वर्षं मोगल छावणीत वाढलेला हा कोण, खरा की बनावट? नागपूरकर भोसल्यांचे परसोजी तेव्हा काय करते झाले, तर त्यांनी सगळ्यांसमोर शाहूंच्या ताटात बसून जेवण केलं. शब्दापेक्षा ते घास लोकांना जास्त पटले. खेडची लढाई त्यानंतरची, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला राज्याभिषेक. पंगतीने एखाद्याला गोतात जागा मिळवून दिली तशी इथे गादीची वाटही मोकळी केली. हेच शाहू पुढे पुताजी बंडगराच्या अर्जावर मंजुरी देतात. सुटून येताना औरंगजेबाच्या कबरीचं दर्शन घेऊन आले असं ज्यांच्याबद्दल सांगतात, तेही हेच.

खंडेराव मात्र परत फिरले नाहीत. प्रायश्चित्ताची वाट होती, राजा हक्काचा होता, नुसता मागण्याचा अवकाश. तरी हे घराणं मुसलमान राहिलं, आणि शाहूंनी त्यांना दूर केलं नाही. साताऱ्याच्या बगलेला, सज्जनगडाच्या पायथ्याच्या परळीकडे त्यांना वतन लावून दिलं आणि मानाने वागवलं. पाट-पंगत, महजर, शुद्धिपत्र यातलं काहीही न होता गुजर साताऱ्याचेच राहिले. राजाच्या वाटचं संकट त्यांनी अंगावर घेतलं होतं, आणि ते विसरणारा राजा गादीवर नव्हता.